सिग्नलच्या उलट

माझे बाबा पत्त्यांत हरतात. कधीमधी नाही, दर रविवारी. आणि हरल्यावर इतक्या खुशीत तर्री-पोहे खातात की बघणाऱ्याचं डोकं फिरावं. माझं फिरतंच. मी दुर्गच्या एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवते. आठवडाभर पोरांना संभाव्यता समजावून सांगायची आणि रविवारी आपल्याच बापाला दुर्री, सत्ता, नव्वा घेऊन चालीवर चाल खेळताना बघायचं, हा छळ ज्याचा त्यालाच ठाऊक.

बाबा म्हणजे भय्याजी. स्टील प्लांटात एकतीस वर्षं क्रेन चालवली, रिटायर झाले, मरोद्यात घर बांधलं. रविवारी सकाळी विहारात वंदना असते. ती आटोपली की आमच्या ओसरीत सतरंजी पडते आणि तीन पत्ती सुरू होते. त्याला आईची, म्हणजे भागीरथाबाईंची, एक अट आहे. "पंचशील घेऊन आल्यावर पैशाचा जुगार माह्या घरात नाई चालनार," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि चिंचोक्यांचा डबा समोर आणून ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे चिंचोके लागतात. खेळणारे चौघं: बाबा, आई, पद्मनाभपुराहून स्कूटीवर येणारी मी, आणि जुनवानीहून येणारे जानराव काका.

जानराव काका बाबांचे प्लांटातले जोडीदार. एकाच शिफ्टमध्ये, एकाच शॉपमध्ये म्हणजे प्लांटाच्या एकाच खात्यात, बाबा वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि काका खाली जमिनीवर. अख्खी नोकरी अशी गेली, त्यामुळे दोघांना एकमेकांशी फार बोलायची सवय नाही. पण पत्ते खेळायची दोघांची तऱ्हा इतकी वेगळी की ही जोडी टिकली कशी, असा प्रश्न पडावा.

बाबांचा खेळ खुल्ला. पत्ते न पाहताच दोन-दोन फेऱ्या ब्लाइंड लावतील, पाहिल्यावर काही नसलं तरी "पाहू तं खरं" म्हणत चाल देतील, आणि डाव सोडणं, म्हणजे पॅक करणं, त्यांना नेमक्या वेळी जमतच नाही. काका नेमके उलट. हातात जोडी नसेल तर पत्ते गुपचूप पालथे घालणार. दहा डावांतले सात पॅक. पण काकांनी चाल दिली की समजावं, पत्ते आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही थाप मारून डाव ओढला नाही. आई आणि मी काकांची चाल आली की मुकाट्यानं बाजूला होतो. बाबा होत नाहीत. सगळे चिंचोके काकांकडे जातात आणि बाबा पोहे मागतात.

मी अर्थातच काकांच्या पंथाची. "बाबा, पत्ते नसले की सोडावं मानसानं," हे मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. बाबा हसतात आणि म्हणतात, "तू शाळेत शिकव बाई, मले खेळू दे."

हे असंच चाललं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी काकांच्या पत्नी मैनाकाकू गेल्या आणि काका जुनवानीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. त्यांचा मुलगा पियूष पुण्याला असतो. तो आणि सूनबाई वर्षभर मागे लागले होते, पप्पा, आता इकडे या. चार वर्षांची नात समृद्धी रोज व्हिडिओ कॉलवर "दादू, कब आओगे?" विचारायची. इकडे बाबांनी आपल्या घराची मागची खोली रिकामी केली. आईनं ती चुन्यानं रंगवून घेतली, नवी खाट आणली, मच्छरदाणी बांधली. "जानराव कुठं जाईन पुन्याले? थो आपल्या घरी राहीन," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

आणि काका? काका दोन्हीकडे एकच सांगायचे: "पाहू."

मैनाकाकूंच्या आजारपणात आईनं पाच महिने त्यांच्या घरी डबा पोहोचवला होता, बाबा दवाखान्याच्या बाकावर झोपले होते. त्यामुळे काका पुण्याला जातो म्हणत नाहीत, आणि पोटचा पोरगा बोलावतोय म्हणून इथे राहतो असंही म्हणवत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पण फ्लॅटला भाडेकरू मिळाला, पियूषला पक्कं उत्तर हवं झालं, आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी पोह्याची ताटली खाली ठेवून सरळ विचारलं, "जानराव, काय ते सांग ना बे एकदाचं."

काकांनी पत्ते पिसता पिसता मान वर केली नाही. "खेळून ठरवू," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"पुढच्या रविवारी आपन दोघंच खेळू. अकरा डाव. मी जिंकलो तं पुन्याले जातो. तू जिंकला तं तुह्या घरी राह्यतो."

मला वाटलं काका थट्टा करतायत. पण जो माणूस जोडीशिवाय एक चिंचोका पुढे सरकवत नाही, तो थट्टा तरी कशाला करेल? बाबांनी मात्र क्षणाचा विचार न करता काकांच्या हातावर टाळी दिली. "मंजूर!"

माझा संताप संताप झाला. "काका, मानूस म्हंजे काय चिंचोका हाये का? आनि बाबा, तुमी कावून हो म्हटलं? तुमी जिंकलेले कोनी पाह्यलं हाये का आजपर्यंत?" आई म्हणाली, "रागावू नको बाई, मोठे मानसं हायेत." मी म्हटलं, मोठे नाहीत, दोघंही बालवाडीतले आहेत. काका स्कूटर काढून निघून गेले.

बाबा त्या दिवशी खूश होते. संध्याकाळी मात्र मागच्या खोलीत उगाच खाट सरकवत बसले. मी दारात उभी होते. "बाई, थो गेला तं मी करू काय दिवसभर?" असं ते एकदम म्हणाले, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नवा मित्र कुठून आणून द्यायचा? मी ठरवलं, बाबांना जिंकवायचं. त्यासाठी त्यांना काकांसारखं आवळून खेळायला शिकवायचं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट मरोद्याला गेले. वहीत तक्ता काढून दिला: जोडी असेल तर चाल, नसेल तर पॅक, ब्लाइंड बंद. बाबांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि आम्ही वीस डाव खेळलो. बाबांनी मला हरवलं. मंगळवारी पुन्हा हरवलं. तक्त्याची गरजच नव्हती. माझ्यासमोर ते शहाण्यासारखं पॅक करत होते, नेमक्या वेळी चाल देत होते, आणि मी गणिताची बाई तोंड पाडून बसले होते.

म्हणजे बाबांना खेळता येत होतं. ते फक्त जानराव काकांपुढे वेडे व्हायचे. ते का?

बुधवारी मी काकांना मरोद्याला सहज म्हणून चहाला बोलावलं आणि सहजच पत्ते काढले. मी खेळले नाही, नुसती बघत बसले. काकांनी पत्ते उचलले, पाहिले, डाव्या हातात धरले. उजवा हात गुडघ्यावर होता. त्या हाताचं पहिलं बोट हळूच वर झालं आणि जागच्या जागी गोल फिरायला लागलं. काकांचं तिकडे लक्षही नव्हतं. बाबांचं होतं. बाबा म्हणाले, "चाल." बोट आणखी फिरलं. बाबांनी चाल दुप्पट केली. शेवटी पत्ते उघडले तर काकांकडे तिर्रीची जोडी आणि बाबांकडे काहीच नाही. पुढच्या डावात काकांनी पत्ते पाहिले आणि त्यांचा पंजा पालथा होऊन गुडघ्यावर हळूहळू खाली दबू लागला. बाबांनी ताबडतोब पॅक केलं. मी बाबांचे पत्ते उलटून पाहिले. एक्क्यांची जोडी होती!

आता सांगते. शॉपमध्ये इतका आवाज असतो की ओरडून काही ऐकू जात नाही. खाली उभा असलेला सिग्नलमन, म्हणजे आमचे काका, हातानं खुणा करतो आणि केबिनमधला माणूस त्या पाहून क्रेन हलवतो. बोट वर करून गोल फिरवलं म्हणजे उचल. पंजा पालथा करून खाली दाबला म्हणजे उतरव. मी लहानपणी दोघांना अंगणात ह्या खुणा करून पाण्याचा ड्रम हलवताना पाहिलं आहे. चांगले पत्ते आले की काकांचं बोट आपोआप 'उचल' म्हणायचं, वाईट आले की पंजा 'उतरव' म्हणायचा. आणि बाबा एकतीस वर्षांच्या सवयीनं ते ऐकायचे. काकांकडे भारी पत्ते असले की बाबा चढायचे, फालतू असले की उतरायचे. मी ज्याला खुल्ला खेळ समजून इतकी वर्षं कातावत होते, तो खेळ नव्हताच. ती ड्युटी होती.

काका गेल्यावर मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "मंग आता काय करू म्हनतं?"

"सोपं हाये. उलट करा. बोट फिरलं का पॅक. पंजा खाली गेला का चाल."

बाबांचं हसू थांबलं. "सिग्नलच्या उलट? तसं नाई होत बाई. मानसं मरतात तसं केल्यानं."

"बाबा, हे पत्ते हायेत!"

"हाव, पत्ते हायेत," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा एखाद्या पोराला चोरी शिकवावी तसा झाला होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी काकांच्या जागी बसून बोट फिरवलं आणि पंजा दाबला. बाबा दर वेळी चुकायचे, मी दर वेळी ओरडायची, आई स्वयंपाकघरातून "हळू बोल, शेजारी ऐकून राह्यले," म्हणायची. शनिवारी संध्याकाळी कुठे त्यांना जमू लागलं. हे फसवणं आहे का, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता पडतो.

रविवारी काका वंदनेला पांढरा शर्ट घालून आले. पोहे झाले. सतरंजी पडली. प्रत्येकी पन्नास चिंचोके. अकरा डाव संपल्यावर ज्याच्यापुढे जास्त, त्याचं. पत्ते मी वाटायचे.

पहिल्या डावात काकांचं बोट फिरलं आणि बाबांचा हात सवयीनं चिंचोक्यांकडे गेला. मी खोकले. त्यांनी हात मागे घेतला आणि फार जड आवाजात म्हणाले, "पॅक." काकांनी दचकून पाहिलं. तिसऱ्या डावात पंजा दबला आणि बाबांनी चाल दिली. काका लगेच पॅक. असं करत करत दहा डाव झाले तेव्हा बाबांपुढे छप्पन्न होते आणि काकांपुढे चव्वेचाळीस. आई विळीवर भाजी चिरायला बसली होती, ती विळी बाजूला ठेवून जवळ आली. मागच्या खोलीची खिडकी मला तिथूनच दिसत होती, आणि मी मनातल्या मनात तिला पडदा लावूनही टाकला.

अकरावा डाव. मी वाटले. बाबांनी पत्ते असे धरले होते की मला दिसावेत: बादशाहाची जोडी. काकांनी आपले पाहिले आणि त्यांचा उजवा पंजा पालथा होऊन सतरंजीवर दबला. पार चिकटला.

बाबांनी चाल दिली. दहापैकी दहा वेळा काकांनी अशा वेळी पॅक केलं असतं. त्यांनी चाल दिली. बाबांनी वाढवली, काकांनीही वाढवली. मध्ये तीस चिंचोके पडले. मग काकांनी डाव्या हातानं आपल्यापुढचे उरलेले सगळेच्या सगळे, एकोणतीस, मध्ये लोटले. उजवा पंजा अजून खालीच दबलेला होता.

मला ओरडावंसं वाटलं. काकांकडे काही नव्हतं. हात सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा जानराव काकांनी थाप मारली होती आणि ती नेमकी आमच्या पथ्यावर पडली होती. बाबांनी फक्त तेवढेच चिंचोके टाकून शो मागायचा, म्हणजे पत्ते उघडायला लावायचे होते. काका आमच्या घरी राहणार होते!

बाबा काकांच्या हाताकडे पाहत राहिले. मग चेहऱ्याकडे. काका सतरंजीची दशी बघत होते. बाबांनी आपले तिन्ही पत्ते जुळवले, पालथे घातले आणि माझ्याकडे सरकवले.

"पॅक," ते म्हणाले.

"बाबा!"

"पॅक म्हटलं ना बाई."

मधले सगळे चिंचोके काकांचे झाले. एकोणसाठ आणि एकेचाळीस. काकांनी मोजलेही नाहीत. "तू... पॅक?" एवढंच त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "हाव. तुह्याकडे भारी दिसून राह्यलं. तू कुठं खोटी चाल खेळतं." काका उठले, चष्मा पुसला, आईनं पुढे केलेला भाजीचा डबा घेतला. दारात एकदा थांबले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेले.

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी दम धरला. मग काकांचे पत्ते उलटे करून बाबांच्या पुढ्यात आपटले. दुर्री, सत्ता, नव्वा. "हे पाहा! काई नव्हतं त्यायच्याकडे. आठवडाभर घसा फोडला मी. पुन्हा सिग्नल ऐकला ना तुमी? पंजा खाली दिसला आनि उतरले!"

"नाई," बाबा म्हणाले.

"मंग?"

"मले समजलं होतं त्याच्यापाशी काई नाई. म्हनूनच तं सोडलं." त्यांनी ते तीन पत्ते हातात घेतले. "जानराव कधी फालतू पत्त्यावर खेळला का? तूच सांग. चाळीस वर्सात? त्याले इथं राह्यचं असतं तं काय केलं असतं त्यानं? पॅक केलं असतं. आपलं नेहमीसारखं. हरला असता अन् आपल्या खोलीत येऊन झोपला असता. पन त्यानं असल्या पत्त्यावर होतं नव्हतं ते सारं लावलं. कावून लावलं?"

मी विखुरलेले चिंचोके डब्यात भरू लागले.

"जायचं हाये त्याले," बाबा म्हणाले. "नातीपाशी जायचं हाये. तोंडानं कसं म्हनन? आपन खोली रंगवून बसलो. तुह्या आईनं खाट आनली. म्हनून पत्त्यायले सांगायला लावलं त्यानं."

आई पदरानं डोळे पुसत होती. संभाव्यता शिकवणाऱ्या बाईला त्या चालीचा अर्थ कळला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "पन बाबा, तुमाले त्यायनं राहावं असं वाटत होतं ना?"

"अजूनबी वाटते," ते म्हणाले. "लय वाटते." ते उठून ओसरीच्या टोकाला गेले, तिथे नळावर तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं. मग खिशातून मोबाईल काढला, हात लांब करून नंबर शोधला आणि स्पीकर लावला. त्यांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही. पलीकडून पियूष म्हणाला, "हां अंकल, नमस्ते, क्या हुआ? पप्पा ठीक हैं ना?"

"जय भीम बेटा," बाबा म्हणाले. "तिकीट काढ. लोअर बर्थ पाह्यजो, त्याचे गुडघे दुखतात. त्यानं सांगितलं असन तुले, खेळून ठरवू म्हनून. हाव, खेळलो ना. अकरा डाव खेळलो." मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुहा बाप जिंकला!"